शेतांतील बिनपगारी राखणदार

हरभऱ्याची पेरणी आटोपली कीं शेतकऱ्यास घाटेअळीची चिंता लागते. परंतु त्या अळीचे शत्रु आपल्याच बांधावर बसलेले असतात, हें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं. महसूल खात्यांत आम्हीं अनेक वर्षें पीकपाहणीचे कागद पाहिले. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, झाडांची होते. पक्ष्यांस मात्र रकाना नाहीं. म्हणून गेल्या कार्तिकांत एक दिवस आम्हीं औंढा तालुक्यांत, पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या कांठीं व लगतच्या शिवारांत हीच नोंद करण्यांत घालविला.

पक्ष्यांची पाहणी आपल्या मुलुखास अगदींच नवी नाहीं. आपला भाग निजामच्या हैदराबाद संस्थानांत असतां, १९३१-३२ सालीं सलीम अली यांनीं त्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली होती.

सकाळीं तारेवर कोतवाल बसले होते. गुरांच्या पायांखालून उडणारे किडे ते वरच्यावर टिपीत होते. वखरामागें गायबगळे व साळुंक्या चालत होत्या. कापशी घार हवेंत एकाच जागीं पंख हालवीत उंदरावर नजर ठेवून होती. रात्रीं हेंच काम पिंगळा करतो. पाण्याच्या कडेला हिमालयापलीकडून हिवाळ्यासाठीं आलेली चक्रवाकांची जोडी दिसली.

ऊन तापल्यावर चतुर उडूं लागले. चतुर बसतांना पंख पसरतो, टाचणी बहुधा मिटते. ओळखण्याची ही सोपी खूण. त्यांचीं पिलें पाण्यांत वाढतात व डासांच्या अळ्या खातात. मोठेपणीं ते उडते डास व चिलटें पकडतात. पावसाळ्यानंतर थव्यांनीं दिसणारा पिवळसर चतुर समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असावा, असें अनुमान चार्लस अँडरसन या शास्त्रज्ञानें २००९ सालीं मांडलें.

या हिशेबास खर्चाची बाजूही आहे. वेडा राघू मधमाशा व चतुरही खातो. ज्वारीच्या कणसांवर पांखरें पडतात. तरीही शिल्लक शेतकऱ्याच्याच पदरीं राहते. उलट, गरज नसतां केलेल्या फवारणीनें अळीबरोबर तिचे शत्रुही मरतात आणि माणसासही धोका पोंचतो. पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यांत, २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरूं नये.

यास्तव हरभऱ्यांत एकरी सुमारें २० पक्षीथांबे उभे करावेत. काठीवर आडवी काडी बांधिली कीं थांबा झाला. तो पिकाहून हातभर उंच असावा. प्रथम पांच टक्के निंबोळी अर्क वापरावा. एक मीटर ओळींत एक-दोन अळ्या दिसल्याखेरीज विषारी औषधास हात लावूं नये. ज्वारींत मात्र दाणा भरूं लागतांच थांबे काढून घ्यावेत.

फवाऱ्याची टाकी भरण्यापूर्वीं आमच्या शेतकरी बंधूंनीं एक सकाळ बांधावर बसून राखणदार किती व अळ्या किती हें मोजावें, एवढीच विनंति.