कप्तानाचा स्वभाव कोण घडवतो?

संस्थेचा प्रमुख कसा वागतो हे त्याच्या स्वभावावर अवलंबून असते, असे आपण सहसा गृहीत धरतो. एक मुख्याध्यापक सर्वांना विचारून ठरवतात, दुसरे नुसती सूचनावही फिरवतात. पहिले मनमिळाऊ, दुसरे कडक, एवढ्यावर आपले स्पष्टीकरण संपते. पण नेतृत्वाची पद्धत पुष्कळदा संस्थेबाहेरून घडते आणि बाहेरूनच बदलते. विमानाच्या कॉकपिटमध्ये हे फार स्पष्ट दिसते.

सुरुवातीच्या बहुतेक विमानांत वैमानिक एकटाच असे. पुढे सहवैमानिक आला, फ्लाइट इंजिनिअर आला, तरी जुनी सवय टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाईदलातले अनेक वैमानिक प्रवासी विमान कंपन्यांत दाखल झाले आणि त्यांच्याबरोबर हुद्द्यांची लष्करी शिस्तही आली. त्यातच कायद्याने अंतिम अधिकार कप्तानाकडे दिलेला. अशा जागी बसलेला सौम्य माणूसही हळूहळू हुकूम सोडू लागला, तर नवल नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेत प्रवासी विमानांमध्ये कॉकपिटमधले संभाषण टिपणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. त्यामुळे अपघातात यंत्राचे काय बिघडले एवढेच नव्हे, तर कोण कोणाला काय म्हणाले हेही कळू लागले.

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे एक डीसी-८ विमान अमेरिकेतील पोर्टलंडला उतरणार होते. चाके खाली येताना मोठा धक्का बसला आणि चाके पक्की बसल्याचा दिवा लागला नाही. कप्तानाने विमान आकाशात घिरट्या घालत ठेवले व सुमारे तासभर चाकांची आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेची तयारी केली. इंधन कमी होत आहे हे इतर दोघांना दिसत होते. त्यांनी तसे सुचवलेही, पण आडून, अदबीने. शेवटी एकामागून एक इंजिने बंद पडली आणि विमान धावपट्टीच्या बरेच अलीकडे कोसळले. १८९ पैकी १० जण दगावले. विमानात ज्ञान होते. ते कप्तानापर्यंत पोचण्याची वाट मात्र अरुंद होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९७९ च्या अहवालात शिफारस केली, की कप्तानांना सहकाऱ्यांना सामील करून घेण्याचे आणि सहकाऱ्यांना ठामपणे बोलण्याचे शिक्षण द्यावे. त्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली. १९८१ मध्ये युनायटेडने असे वर्ग सुरू केले. अनेक जुन्या वैमानिकांनी त्यांची ‘गोड बोलण्याची शाळा’ म्हणून टिंगल केली. (नव्या प्रशिक्षणाला काय म्हणतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.) १९९० च्या दशकात अमेरिकेत हे प्रशिक्षण सक्तीचे झाले.

दरम्यान, १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्याच एका डीसी-१० विमानाचे शेपटीकडचे इंजिन हवेत फुटले आणि विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. या प्रसंगासाठी कोणत्याही पुस्तकात उपाय लिहिलेला नव्हता. कप्तान अल हेन्स यांनी सहकाऱ्यांशी सतत विचारविनिमय केला. प्रवाशांमध्ये एक डीसी-१० चा प्रशिक्षक होता. त्यालाही पुढे बोलावून दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करण्याचे काम सोपवले. ४४ मिनिटांनंतर विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आदळले. २९६ पैकी ११२ जण गेले, १८४ वाचले. हेन्स यांनी पुढे अनेकदा या प्रशिक्षणाला श्रेय दिले. नंतर सिम्युलेटरवर तोच प्रसंग उभा करून पाहिला, तेव्हा इतर वैमानिकांना विमान सुखरूप उतरवता आले नाही.

कायद्याने अंतिम अधिकार आजही कप्तानाचाच आहे. बदलले ते त्या अधिकारापर्यंत पोचण्याआधीचे बोलणे. ही पद्धत पुढे रुग्णालयांतही गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार पहिला छेद घेण्यापूर्वी शल्यविशारदापासून परिचारिकेपर्यंत प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे असते.