तपासणी दोघांची

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, की तपासण्या सुरू होतात. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. अजूनही अनेक घरांत सुनेला एकटीलाच दवाखान्यात धाडलं जातं. हे चुकीचं आहे. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं, आणि त्याची तपासणी सगळ्यांत सोपी.

२ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळायचं आणि लॅबच्या डबीत वीर्याचा नमुना द्यायचा. घरून आणायचा असेल तर तासाभरात, डबी अंगाच्या उबेला ठेवून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत एका मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा. आकडा कमी आला तरी धीर सोडू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी येऊन गेलेला तापही अहवालात उतरतो. चाचणी पुन्हा करतात.

बाईची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांत फारसा त्रास नाही. भीती असते ती एचएसजीची, म्हणजे गर्भनलिकांच्या एक्स-रे तपासणीची. पाळी थांबल्यावर, बीज सुटण्याआधी, एक्स-रेच्या टेबलावर बारीक नळीतून गर्भाशयात डाय सोडतात. पडद्यावर आधी त्रिकोण उमटतो, मग दोन्ही बाजूंना दोऱ्यासारख्या गर्भनलिका. टोकांतून डाय पोटात सांडला, की नळ्या मोकळ्या. पाळीसारखी कळ येते, बहुधा थोडाच वेळ. आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. नंतर थोडे डाग लागतात, म्हणून पॅड सोबत असावं. ताप आला किंवा पोटदुखी वाढली, तर त्याच दिवशी कळवावं.