मागच्या पानावरची बाकी



आजचा विषय फलकावर वाचून पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मघाशीच मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "सर, हे काय नवीन?" मागच्या रांगेतली पोरं मात्र गालातल्या गालात हसतायत. म्हणजे आज उलटं आहे. ज्यांना विषय ठाऊक आहे ते मागे बसलेत. तेव्हा आधी पुढच्यांसाठी चार वाक्यं बोलतो, मागच्यांनी जरा कळ काढावी.

कॉम्प्युटरवरचे काही खेळ असे असतात की त्यात आपण एका पात्राची भूमिका घ्यायची. गोष्ट तीस-चाळीस तास चालते. वाटेत प्रसंग येतात. याला वाचवायचं की त्याला? खरं सांगायचं की दडवायचं? ठरवायचं आपण. खेळ थांबवताना तो 'सेव्ह' करतात, म्हणजे आपण कुठवर आलो आणि काय काय केलं हे एका फाइलमध्ये लिहून ठेवलं जातं. दोन-तीन वर्षांनी त्याच गोष्टीचा दुसरा भाग येतो. तो सुरू करताना खेळच विचारतो, पहिल्या भागाची फाइल आहे का? आहे म्हटलं की ती वाचली जाते. ज्याला तुम्ही वाचवलंत तो दुसऱ्या भागात भेटतो, ज्याला मारलंत तो भेटत नाही. दुकानदाराच्या वहीत पान संपलं की बाकी पुढच्या पानावर ओढतात, तसंच हे.

आपण होटगीची माणसं, आपल्याला हे रुळांवरूनही कळेल. मुंबई-मद्रास मार्ग ब्रॉडगेज, रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर. इथून विजापूर-गदगकडे फुटणारा मार्ग पूर्वी मीटर गेज होता, म्हणजे १००० मिलिमीटर. आता तोही रुंद झाला, पण तेव्हा तिकडची वाघीण इकडच्या रुळावर चढायचीच नाही. माल उतरवायचा आणि दुसऱ्या वाघिणीत भरायचा. काही पोती फुटायची, काही मोजणीत चुकायची. पहिल्या खेळाचे आणि दुसऱ्या खेळाचे रूळ असेच वेगळे असतात. गाडी तशीच्या तशी पुढे जात नाही. उतरवून पुन्हा भरावं लागतं, आणि काय भरायचं हे पलीकडचा मुकादम ठरवतो.

आता मी यात का पडलो? कारण हा प्रश्न आमच्या शास्त्रात फार जुना आहे. मीमांसकांपुढे अडचण अशी होती: यज्ञ आज केला, तो आज संपला. फळ मिळणार पुढे कधीतरी, कदाचित मेल्यावर. जी गोष्ट संपली ती पुढे फळ कशी देणार? मधे काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे. त्या शिल्लक राहणाऱ्या गोष्टीला त्यांनी 'अपूर्व' म्हटलं. ती दिसत नाही, पण मानल्याशिवाय हिशेब जुळत नाही. मी बत्तीस वर्षं वर्गात अपूर्व शिकवलं आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारायचाच, "सर, पण ते असतं कुठं?" आज विचारलं असतं तर म्हटलं असतं, बाबा, सेव्ह फाइल बघ. खेळ बंद झाला, कृत्य संपलं, पण फळ देणारी गोष्ट तुझ्या डिस्कवर पडून आहे.

याच चर्चेतले दोन शब्द आज लागणार आहेत, तेवढे लक्षात ठेवा. एक 'कृतनाश': केलेलं वाया गेलं, त्याचं फळच मिळालं नाही. दुसरा 'अकृताभ्यागम': न केलेल्याचं फळ पदरात पडलं. माणूस क्षणोक्षणी बदलतो, टिकणारा आत्मा नाही, असं बौद्ध म्हणाले तेव्हा त्यांच्यावर हेच दोन दोष ठेवले गेले. करणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे चालेल कसं? बौद्धांनी उत्तर दिलं, पण ते आज नको.

आता खेळांकडे येऊ. ही कल्पना आजची नाही. 'विझर्ड्री' नावाचा खेळ १९८१ साली ॲपलच्या जुन्या संगणकावर आला. १९८२ साली त्याचा दुसरा भाग आला, आणि तो खेळायला पहिल्या भागात तयार केलेली, चांगली मुरलेली पात्रंच लागायची. नवख्याला प्रवेशच नाही. तिसऱ्या भागात, १९८३ साली, त्यांनी मोठी गंमत केली. जुनी पात्रं आणता येतात, पण ती येतात वंशज म्हणून. वारसा चालतो, पराक्रम मात्र पहिल्या पायरीपासून. मला हे वाचून सहाव्या अध्यायातला योगभ्रष्ट आठवला. साधना अर्धवट सुटलेल्या माणसाचं पुढे काय होतं, असं अर्जुन विचारतो, आणि श्रीकृष्ण सांगतात की ती वाया जात नाही, पुढच्या जन्मी चांगल्या घरात तिचा धागा पुन्हा हाती लागतो. पण जन्म मात्र घ्यावाच लागतो, पाळण्यापासून.

पाळण्यापासून का, याचं खेळातलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. पहिल्या भागाच्या शेवटी तुमचा नायक महाबली झालेला असतो. तसाच पुढे आणला तर दुसऱ्या भागात त्याला आव्हान कसलं द्यायचं? म्हणून त्याला लुबाडावं लागतं. 'कर्स ऑफ द ॲझुअर बाँड्स' या १९८९ च्या खेळात मंडळी झोपेतून उठतात ती सगळं सामान गेलेलं आणि हातावर निळी गोंदणं उमटलेली, अशी. 'बाल्डर्स गेट'चा दुसरा भाग २००० साली आला, त्यात डोळे उघडतात ते तुरुंगात. 'मास इफेक्ट'च्या दुसऱ्या भागात तर सुरुवातीलाच नायक मरतो आणि त्याला पुन्हा घडवतात. नवा देह आणि जुनं कर्म. लिहिणाऱ्यांनी आपली पुस्तकं वाचली असतील असं नाही, अडचण एकच असली की उत्तरंही सारखीच सुचतात.

बाल्डर्स गेटमध्ये अकृताभ्यागमही आहे. पहिल्या भागात तुम्ही सोबती कोण निवडले याची दुसऱ्या भागाला फारशी पर्वा नाही. ठरावीक तिघं तुरुंगात तुमचे जुने मित्र म्हणून भेटतात आणि ठरावीक दोघं मेलेले असतात. ज्यांच्याबरोबर तुम्ही एक कोसही चालला नाहीत त्यांच्यासाठी शोक करायचा! आणि पुढे काय आलं म्हणाल, तर सोन्याची एक विजार. पहिल्या भागात सहज हाती लागलेली ती विजार जपली असेल तर पुढे खरंच उपयोगी पडते. मित्र गेले, विजार आली. असो.

पण लेखकांना फार दोष देऊ नका, इथं गणित आडवं येतं. एका निर्णयाचे दोन परिणाम. दहा निर्णय झाले की १,०२४ वेगवेगळी जगं होतात, वीस झाले की दहा लाखांवर. प्रत्येकासाठी वेगळी गोष्ट कोण लिहिणार? म्हणून फाइलमध्ये शेकडो नोंदी असतात आणि पुढचा खेळ त्यातल्या मोजक्याच उघडतो. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे तीन शब्द आपण कीर्तनात ऐकतो. टिळकांनी 'गीतारहस्या'त, कर्मविपाकाच्या प्रकरणात, खरा भेद दोनच मानला: ज्याचं फळ सुरू झालं ते आणि ज्याचं झालं नाही ते. सेव्ह फाइलला हा हिशेब चपखल बसतो. फळ द्यायला कधी सुरुवातच झाली नाही अशा नोंदींनी ती भरलेली असते.

गणितातून सुटायची आणखी एक युक्ती आहे, ती आपल्या पुराणिकांना आवडली असती. 'डॅगरफॉल' या १९९६ च्या खेळाचे शेवट अनेक होते. पुढच्या भागांत त्यांनी सांगून टाकलं की काळाला तडा गेला आणि सगळे शेवट एकदमच घडले. आपल्याकडे दोन पुराणांतल्या कथा जुळल्या नाहीत की टीकाकार 'कल्पभेद' म्हणून मोकळे व्हायचे, या कल्पात असं घडलं आणि त्या कल्पात तसं. तोडगा हुशारीचा आहे, पण खेळणाऱ्याला तो बोचतो. सगळंच घडलं असेल तर मी रात्रभर जागून जे ठरवलं, त्याला काय अर्थ उरला? हा सरळ कृतनाश.

ज्यांनी बाकी मनापासून पुढे ओढायचा प्रयत्न केला त्यांत 'मास इफेक्ट'चे तीन भाग येतात, २००७, २०१० आणि २०१२ चे. क्रोगन नावाची एक लढवय्यी जात आहे. तिच्यावर कृत्रिम रोग सोडलेला आहे, त्यामुळे मुलं जगत नाहीत. दुसऱ्या भागात एक शास्त्रज्ञ सापडतो. रोगावर उपाय शोधताना त्याने जिवंत माणसांवर, म्हणजे क्रोगनांवर, भयंकर प्रयोग केलेले असतात. त्याची टिपणं हाती येतात. पुसायची की ठेवायची? मी हा प्रसंग नातवाच्या शेजारी बसून पाहिला आणि सांगतो, तत्त्वज्ञानाच्या पेपरात याहून चांगला प्रश्न मी काढलेला नाही. पापातून आलेलं ज्ञान वापरावं का? तिथल्या तिथे काहीच होत नाही. तिसऱ्या भागात मात्र एक क्रोगन स्त्री भेटते. टिपणं ठेवली असतील तर ती वाचते, पुसली असतील तर मरते. निर्णय घेताना हे तुम्हाला माहीत नसतं. ते अपूर्व फाइलमध्ये नुसतं पडून असतं.

या हिशेबाची एक विनोदी चूकही झाली होती. तिसरा भाग आला तेव्हा पहिल्या भागात हौसेनं घडवलेला नायकाचा चेहराच पुढे येईना. कर्म सगळं आलं, तोंड राहिलं! महिन्याभरात दुरुस्ती काढावी लागली.

आता ज्याच्यासाठी हे व्याख्यान घेतलं तिकडे येतो.

फाइलच नसेल तर? मशीन बदलतं, डिस्क जाते. तेव्हा खेळ तुम्हाला तोंडी विचारतो. 'विचर'च्या तिसऱ्या भागात, २०१५ च्या, नायकाची दाढी चालू असताना एक सेनाधिकारी मागच्या गोष्टी विचारतो. तुम्ही सांगाल ते खरं. 'ड्रॅगन एज'वाल्यांनी २०१४ साली 'कीप' नावाची एक नोंदवहीच इंटरनेटवर उघडली, त्यात आपला इतिहास आपणच भरायचा. 'मास इफेक्ट'मध्ये एक चित्रकथा दाखवतात आणि मधे थांबून विचारतात, या वेळी तुम्ही काय केलं होतंत?

माझा नातू, मुलीचा मुलगा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याने पहिला भाग पुरा केला होता. त्यात रेक्स नावाचा क्रोगन सोबती आहे. विरमायर नावाच्या ग्रहावर रेक्सला कळतं की रोगावरचा उपाय शत्रूच्या तळावर आहे आणि आपले लोक तो तळच उडवणार आहेत. तो बंदूक काढतो. आधी त्याचं एक घरचं काम, त्याच्या घराण्याचं चिलखत परत मिळवून द्यायचं, केलेलं असेल तर तो ऐकतो. किंवा तुमचं बोलणं तेवढं वजनदार असावं लागतं. आमच्या नातवाने घाईत ते काम टाळलं होतं, आणि बोलण्यात तो माझ्यावर गेलेला, म्हणजे तोडून बोलणारा. रेक्स मेला. पोरगा दोन दिवस गप्प होता, असं त्याची आई म्हणाली.

पुढे लॅपटॉप बिघडला. दुरुस्तीला टाकला तर दुरुस्तीवाल्याने न विचारता सगळा साफ करून दिला. फाइल गेली. दुसरा भाग सुरू केला, चित्रकथा आली, प्रश्न आला: रेक्सचं काय झालं? आणि याने लिहिलं, वाचला.

मला फोनवर सांगत होता. "आजोबा, मग मी त्याच्या ग्रहावर गेलो. तो राजासारखा दगडी आसनावर बसलेला. मला बघून उठला, हसला, मित्रा म्हणाला. मला कसंतरीच झालं. मी त्याला मारलं होतं आणि त्याला ते माहीत नाही."

मी नेहमीप्रमाणे शिकवायला गेलो. म्हटलं, अरे, तो आहे कुठं? पडद्यावरची चित्रं ती. फाइलमधल्या नोंदीत आणि तू चित्रकथेत दिलेल्या उत्तरात कॉम्प्युटरला काडीचा फरक नाही. दोन्हीकडे एकच आकडा, शून्य नाहीतर एक. तर म्हणाला, "कॉम्प्युटरला नाही हो, पण तुम्हीच म्हणता ना, न केलेल्याचं फळ?"

मंडळी, मी निरुत्तर झालो. अकृताभ्यागम हा दोष मी आजवर वादातलं हत्यार म्हणून शिकवला, समोरच्याचं मत पाडायला. न मिळवलेली मैत्री पदरात पडली की ती टोचते, हे त्या शब्दाच्या आत बसलेलं आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. न्यायवाल्यांना फळं वाटून द्यायला ईश्वर लागतो, कारण कर्म जड आहे, त्याला स्वतःचा हिशेब कळत नाही. इथं वाटणारा खेळ फसला, त्याला खोटं सांगितलं होतं. पण साक्षीदार एक उरला होता, खेळणारा स्वतः. आणि खोटं सांगणाराही तोच.

कुणी म्हणेल, यात वाईट काय? चुकलेलं दुरुस्त केलं. मी त्याला असंच म्हणालो. गणपतीच्या सुट्टीत तो इथं आला तेव्हा कळलं की त्याने दुसरा भाग अर्ध्यावर सोडलाय आणि पहिला भाग पुन्हा पहिल्यापासून लावलाय. या वेळी चिलखताचं काम आधी केलं. परवा विचारलं तर विरमायरला अजून पोचला नव्हता.

बरं, मागून एक हात कधीचा वर आहे. विचारा.