पहिला सीझन बॉल : वजन किती असावे?

प्रतिनिधी, खेड

भाताची कापणी आटोपली की खेड तालुक्यात क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. मोकळ्या झालेल्या मळ्यांत आणि कातळावरील सड्यांवर वाडीवाडीचे संघ उतरतात. मुंबईकर चाकरमानी गावी आले की ओव्हरआर्म स्पर्धांना रंग चढतो. हे बहुतेक सारे क्रिकेट टेनिस बॉलवर खेळले जाते. निवड चाचणीला जायचे ठरले, की मात्र मुलाच्या हाती सीझन बॉल येतो. वाडीत भल्याभल्यांच्या यष्ट्या उडवणारा गोलंदाज येथे अडखळतो. कधी खांदा धरून घरी परततो. दोष त्याच्या गुणवत्तेचा असतोच असे नाही. बरेचदा चेंडूच चुकीच्या वजनाचा असतो आणि सवय होण्याआधीच वेग काढण्याची घाई झालेली असते.

रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्रात येतो. सोळा वर्षांखालील मुलांची विजय मर्चंट करंडक आणि एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडक या स्पर्धा सीझन बॉलवरच होतात. २०२३ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगचे पहिले विजेतेपद रत्नागिरी जेट्स संघाने पटकावले. वरच्या स्तरावर खेळण्याची उमेद असलेल्या मुलाला आज ना उद्या हा बदल करावाच लागतो.

पावणेतीन पट फरक

लॉन टेनिसच्या नियमांनुसार टेनिस बॉलचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते. पुरुषांच्या क्रिकेटमधील सीझन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे पावणेतीन पट जड असतो. काही स्पर्धांत जड टेनिस बॉल वापरतात. त्यामुळे वजनातील अंतर कमी होते; पण त्यालाही शिवण नसते. सीझन बॉलच्या गाभ्यात बूच असते, त्यावर लोकरी दोरा घट्ट गुंडाळलेला असतो आणि वरून चामडे शिवलेले असते. मधल्या उंचावलेल्या शिवणीवर टाक्यांच्या सहा रांगा असतात. चेंडू हवेत वळणे किंवा टप्पा पडल्यावर दिशा बदलणे यांत या शिवणीचा वाटा मोठा असतो.

टेनिस बॉल हलका असल्याने केवळ हाताच्या झटक्यावर वेग काढता येतो. तोच झटका जड चेंडूला दिला की सारा भार खांदा आणि कोपरावर येतो. जोर लावण्याच्या नादात कोपर वाकवून चेंडू फेकण्याची सवयही लागू शकते. कोपर सरळ होण्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २००५ पासून १५ अंश आहे. लहान वयात जडलेली ही खोड पुढे मोडणे कठीण जाते.

वयानुसार तीन वजने

क्रिकेटच्या नियमांत चेंडूची तीन वजने सांगितलेली आहेत.

तेरा वर्षांखालील मुले : १३३ ते १४४ ग्रॅम, परीघ २०.५ ते २२ सेंटिमीटर. दुकानात हा 'पावणेपाच औंसांचा' चेंडू म्हणून मागावा.

महिला : १४० ते १५१ ग्रॅम, परीघ २१ ते २२.५ सेंटिमीटर. व्यवहारात हा 'पाच औंसांचा' चेंडू.

पुरुष : १५५.९ ते १६३ ग्रॅम, परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. हा 'साडेपाच औंसांचा' चेंडू.

'पुढे मोठा चेंडू लागणारच आहे, मग आत्ताच घेऊ' हा पालकांचा हिशेब येथे महागात पडतो. वाढत्या वयात हाडांची टोके पूर्ण कठीण झालेली नसतात. किशोरवयीन वेगवान गोलंदाजांमध्ये कमरेच्या मणक्याला ताणामुळे सूक्ष्म तडा जाण्याची दुखापत वारंवार आढळते. जड चेंडू आणि अतिसराव एकत्र आले की धोका वाढतो. तेरावे वर्ष पूर्ण झाले, पण शरीरयष्टी लहान असेल, तर सरावात आणखी काही महिने हलका चेंडू ठेवण्यात कमीपणा नाही.

हातात घेऊन पाहा

चेंडू घेताना मुलाला बरोबर न्यावे. शिवण उभी धरून तर्जनी आणि मधले बोट तिच्या दोन बाजूंना आणि अंगठा खाली शिवणीवर ठेवण्यास सांगावे. चेंडू बोटांत राहून तळहात आणि चेंडू यांत थोडी पोकळी दिसली, तर आकार योग्य समजावा. तो तळव्यात रुतत असेल किंवा तिसऱ्या बोटाचा आधार घ्यावा लागत असेल, तर तो हाताला मोठा आहे. वजनाची कसोटी मैदानावर घ्यावी. दोन षटकांतच खांदा खाली येऊ लागला किंवा चेंडू सतत आखूड पडू लागला, तर एक पायरी खाली उतरावे.

सवय कशी लावावी?

पहिले काही दिवस धावत येऊन गोलंदाजी करूच नये. जागेवर उभे राहून पंधरा-सोळा यार्डांवरून शिवण सरळ ठेवून चेंडू सोडावा. त्यानंतर चार-पाच पावलांची धाव घ्यावी आणि टप्पा स्थिर झाल्यावरच बावीस यार्डांवर पूर्ण धाव घ्यावी. टेनिस बॉल अधिक उसळतो. त्यावर फलंदाजाला चकवणारा टप्पा सीझन बॉलला आखूड ठरू शकतो. त्यामुळे टप्पा थोडा पुढे टाकण्याची सवय लावावी लागते. आठवड्यातून एक-दोन दिवस गोलंदाजीला पूर्ण विश्रांती द्यावी. दुसऱ्या दिवशीही खांदा, कोपर किंवा कंबर दुखत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. समोरच्या फलंदाजाला पॅड, ग्लोव्हज, गार्ड आणि हेल्मेट असल्याशिवाय सीझन बॉल टाकू नये.

जांभा आणि पाऊस

जांभ्याच्या खरबरीत जमिनीवर चामडे लवकर सोलवटते. त्यामुळे नवा चेंडू तेथे वाया घालवू नये. काथ्याची मॅट अंथरून सराव करावा आणि रोजच्या सरावाला जुना चेंडू ठेवावा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात भिजलेला चेंडू हीदेखील अडचणच. चामड्याने पाणी शोषले की चेंडू जड होतो आणि वयानुसार केलेली निवड व्यर्थ जाते. भिजलेला चेंडू सावलीतच वाळवावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास चामडे तडकते.

हा बदल उशिरा केल्याने दार बंद होते असे नाही. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा उमेश यादव विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये दिल्लीत त्याने कसोटी पदार्पण केले. बाराव्या वर्षी साडेपाच औंसांचा चेंडू हाती देण्याची म्हणूनच घाई नको. खांदा शाबूत राहिला, तर वेगासाठी पुढे पुष्कळ हंगाम मिळतात.