अधोमहानीलेची जडणघडण

खडकवासल्याच्या धरणातून निघणारा मुठा उजवा कालवा आधी आखला गेला व मग खोदला गेला. मानवी भ्रूणातील अधोमहानीलेची रीत अगदी निराळी आहे. शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी ही नीला सबंध अशी एकदम उत्पन्न होत नाही. चौथ्या ते आठव्या आठवड्यांच्या दरम्यान निरनिराळ्या नीलांचे खंड जुळून ती सिद्ध होते.

प्रथम पश्च-कार्डिनल, मग उप-कार्डिनल व शेवटी अधि-कार्डिनल अशा नीलांच्या तीन जोड्या क्रमाने दिसू लागतात. त्यांचा डावीकडील बहुतेक भाग लोप पावतो. उजवीकडे वृक्कांच्या खालचा खंड अधि-कार्डिनल नीलेपासून, वरचा उप-कार्डिनल नीलेपासून आणि यकृतालगतचा पीतककोशाकडून येणाऱ्या नीलेपासून होतो, असे सामान्यतः मानतात. तपशिलांत मतभेद आहेतच. डाव्या बाजूची एक खूण मात्र प्रौढ शरीरातही राहते. डाव्या वृषणाची वा बीजकोशाची नीला महानीलेस सरळ न मिळता डाव्या वृक्कनीलेस मिळते.

डावी अधि-कार्डिनल नीला टिकून राहिल्यास वृक्कांखाली दोन महानीला आढळतात. वृक्कांखालचा खंड पश्च-कार्डिनल नीलेपासून घडला, तर उजवी मूत्रवाहिनी महानीलेच्या मागे सापडते व मूत्राचा मार्ग अडू शकतो. याहून गंभीर प्रकार यकृताशी जोड न झाल्याचा. तेव्हा खालचे रक्त अयुग्म नीलेच्या वाटेने छातीतून ऊर्ध्वमहानीलेस मिळते. अशा व्यक्तीस अनेकदा आयुष्यभर काही जाणवतही नाही. परंतु छातीच्या शस्त्रक्रियेत ती फुगलेली अयुग्म नीला अनावश्यक समजून बांधली गेली, तर प्राणावर बेतते.