गावातले घर खपत नाही, तेव्हा...



एक मुलगा शहरात गेला, दुसरा मळ्यात राहायला गेला, की गावठाणातले घर कुलूपबंद पडते. विकायला काढले तरी वर्ष-वर्ष गिऱ्हाईक फिरकत नाही. बाहेरचा माणूस तिथे सहसा जागा घेत नाही. घेणारा बहुधा शेजारी, नाहीतर भाऊबंद. पेरणीच्या तोंडावर नड लागली की घरवाला खाली येणार, हे तो ओळखून असतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी!

म्हणून आधी कागद नीट करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत आपल्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मालमत्ता पत्रक काढून घ्या. वडिलांच्या माघारी सर्व वारसांची नावे लावा. बहिणींचाही हक्क असतो. त्यांना आधीच विचारा. सौदा ठरला की इसार लेखी घ्या आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

दुसरे, घर पडू देऊ नका. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्या. मातीच्या भिंतीत पाणी मुरले, की घराची नव्हे, नुसत्या जागेचीच किंमत येते.

बोलणी सुगीनंतर करा. तेव्हा गावात पैसा खेळता असतो. तोवर एखाद्या शिक्षकाला लेखी करार करून भाड्याने द्या. चूल पेटती राहिली, तर घर टिकते आणि आपल्यालाही दम धरता येतो.