यंत्राची स्मृती आणि न सांगता लागणारा नियम

संगणकाच्या स्मृतीत दोन जातींचा मजकूर असतो. एक माहितीचा : आपले नाव, बँकेतील शिल्लक, विरार-चर्चगेट पास. दुसरा आज्ञांचा : 'ही बेरीज कर', 'तेथे जा'. गंमत अशी की, दोन्ही एकाच लिपीत, म्हणजे आकड्यांत, लिहिलेले असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला 'टिफ्रॅक' याच पद्धतीचा. ही सोय मोठी. पण धोकाही तिच्यातच दडलेला आहे.

समजा, कारकुनाच्या वहीत अर्जदाराच्या नावासाठी चौकट आहे आणि तिच्याखाली 'पुढचे काम अमुक पानावर पाहावे' अशी टीप आहे. कोणी चौकटीत न मावणारे नाव दिले आणि कारकुनाने ते मुकाट्याने उतरवून घेतले, तर अक्षरे टिपेवर चढतात. लबाड अर्जदार नावाच्या जागी आज्ञाच लिहितो, आणि टीप अशी बदलतो की कारकुनाने तीच आज्ञा पाळावी! २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याच्या आज्ञावलीने ५१२ अक्षरांच्या जागेत ५३६ अक्षरे घातली. अशा काही युक्त्यांनी ती हजारो यंत्रांत शिरली.

उपाय सुचायला सोपा आहे. स्मृतीच्या प्रत्येक पानावर वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन परवानग्या ठेवाव्यात. जेथे लिहिता येते तेथून आज्ञा चालवू नयेत. 'ओपनबीएसडी' या कार्यप्रणालीने २००३ साली हे तत्त्व अंगीकारले. त्याच साली 'एएमडी'च्या ६४ बिटी प्रक्रियकांत 'चालवू नये' ही खूण आली.

खरा प्रश्न पुढे आहे. एखाद्या आज्ञावलीने आपली गरज सांगितलीच नाही, तर कार्यप्रणालीच्या गाभ्याने काय समजावे? जुन्या आज्ञावली बंद पडू नयेत म्हणून लिनक्सचा गाभा अशा वेळी चालवण्याची मुभा देत असे. २०२० च्या ५.८ या आवृत्तीत इंटेल जातीच्या ६४ बिटी आज्ञावलींसाठी हे उत्तर उलटले : मागितले नाही, तर मिळणार नाही. जुन्या ३२ बिटी आज्ञावलींना मात्र पूर्वीची सवलत राहिली.

हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण तुम्हीआम्ही असले नियम कधी बदलायला जात नाही. जे न सांगता लागू होते, तेच आपले संरक्षण.

अर्थात, दार लावले म्हणजे किल्ला अजिंक्य झाला असे नव्हे. आपल्या वसईचा तट १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून फोडला. तसेच येथेही : हल्लेखोर आता नवी आज्ञा न आणता, आत असलेल्या आज्ञांचेच तुकडे जुळवून आपले काम साधतात. म्हणून आज्ञांच्या जागा दर वेळी बदलण्याची युक्ती जोडीला आली. आपल्या हाती राहते ते एवढेच : भ्रमणध्वनी किंवा संगणक सुधारित आवृत्ती घ्यावी म्हणतो, तेव्हा 'उद्या पाहू' म्हणू नये.